मुळी घ्या, पण आधी नवऱ्याची तपासणी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुरुष वंध्यत्वावरील वनौषधींचा लेख वाचला. अश्वगंधा, सफेद मुसळी, कवचबीज (खाजकुयलीचं बी), गोखरू या चौघींची माहिती त्यात मनापासून दिली होती. पण हे कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये आणि घेण्याआधी काय करावं, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. त्याच पानावर खाली तीन महिन्यांत शुक्राणू दुप्पट करणाऱ्या चूर्णाची जाहिरात होती. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून उभी हयात काढली. वीर्याचे नमुने तपासायचं काम माझ्याकडेच असायचं, म्हणून हे लिहिते आहे.

मूल होत नाही म्हणून लॅबची पायरी आधी चढायची ती बाई. तिचं थायरॉइड, तिची साखर, तिचे हार्मोन्स, मग नळ्यांचा एक्स-रे, मग दुर्बीण. नवऱ्याचा एक साधा रिपोर्ट फाइलमध्ये सापडायचा नाही. एक जोडपं तर मला विसरता येत नाही. लग्नाला नऊ वर्षं झालेली. तिच्या सगळ्या तपासण्या होऊन क्युरेटिंगसुद्धा झालेलं. तो मात्र महागडं चूर्ण दुधातून घेत होता, डब्यावर उधळलेल्या घोड्याचं चित्र. शेवटी डॉक्टर मॅडमनी हट्ट धरून त्याला पाठवलं. स्लाइडवर एकही शुक्राणू नव्हता. नमुना मशीनमध्ये फिरवून तळाचा थेंब पाहिला, तिथंही नाही. काही आठवड्यांनी दुसरा नमुना घेतला, तेच. पुढं शहरात तपासणी झाली तेव्हा कळलं की वृषणात शुक्राणू तयार होत होते, त्यांची बाहेर येण्याची वाटच बंद होती. ती कोणत्याही मुळीनं उघडणारी नव्हती. तोवर तिनं पस्तिशी ओलांडली होती आणि घरादाराचे टोमणे एकटीनं ऐकले होते.

वीर्याची ही तपासणी सगळ्यांत स्वस्त तपासण्यांपैकी एक आहे. सुईसुद्धा टोचावी लागत नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना लॅबमध्येच द्यायचा, घरून आणला तर अंगाच्या उबेत धरून तासाभरात पोचवायचा. घट्ट असलेला नमुना साधारण अर्ध्या तासात पातळ होतो, मग तो सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. किती आहेत, किती हलतात, त्यातले किती सरळ पुढं जातात, डोकं-शेपूट नीट आहे का, पूपेशी किती, हे सगळं बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली आहे. काउंट, म्हणजे शुक्राणूंची ही संख्या, त्याहून कमी आला म्हणजे बाप होताच येणार नाही असं नाही, आणि एकाच रिपोर्टवर निकालही लावायचा नाही. एकाच माणसाचा काउंट एकदा ऐंशी लाख आणि काही महिन्यांनी पावणेदोन कोटी, असं मी स्वतः मोजलं आहे. औषध काहीच नव्हतं; पहिल्या नमुन्याआधी त्याला मोठा ताप येऊन गेला होता, एवढंच.

वनौषधींच्या अभ्यासांकडे म्हणूनच जपून पाहायला हवं. कवचबीज आणि अश्वगंधेवर लखनौला चांगलं काम झालं. दोन वेगळ्या अभ्यासांत प्रत्येकी ७५ वंध्य पुरुषांना रोज ५ ग्रॅम चूर्ण दुधातून तीन महिने दिलं आणि काउंट, हालचाल, हार्मोन्स सुधारल्याचं नोंदवलं. पण तशाच दुसऱ्या वंध्य पुरुषांना नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली, पुडी देऊन तुलना केलेली नव्हती. मग सुधारणेतला मुळीचा वाटा किती आणि आपोआप झालेला किती, हे कसं ठरवायचं? ती तुलना २०१३ मध्ये छापून आलेल्या अश्वगंधेच्या अभ्यासात आहे. २१ जणांना मुळाचा अर्क, रोज ६७५ मिलिग्रॅम, ९० दिवस. २५ जणांना खोट्या कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांचा सरासरी काउंट ९६ लाखांवरून अडीच कोटींच्या वर गेला. हे आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत, आणि आयुर्वेदाचं नाव काढलं की मान फिरवणाऱ्या डॉक्टरांनी ते जरूर वाचावेत. पण माणसं होती अवघी ४६. काउंट वाढला म्हणजे पाळणा हलेलच असंही नाही. अमेरिकेत जस्त आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांवर २३७० जोडप्यांचा अभ्यास झाला, त्याचा निकाल २०२० मध्ये आला. त्याआधी छोट्या अभ्यासांत आशा दिसली होती. मोठ्या अभ्यासात ना वीर्य सुधारलं, ना बाळं जास्त झाली.

सफेद मुसळीबद्दल मला विशेष आस्था आहे. माझं माहेर अंजनगाव-अकोट पट्ट्यातलं. पानपिंपळीच्या जोडीला आमच्याकडे मुसळी असते. ओल्या मुळ्यांचे ढीग पुढ्यात घेऊन बाया दिवसभर सोलत बसतात, बोटं चिकट होतात, मग उन्हात वाळून ती पांढरी शुभ्र होते. तिचं शास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरून पडलेलं आहे. एवढी आपली असूनही तिच्यावरचं बरंचसं काम उंदरांवरचं आहे, याचं वाईट वाटतं.

आणि निसर्गाचं आहे म्हणजे निर्धोक, हे तर मुळीच खरं नाही. कवचबीजात लेव्होडोपा असतं, कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) गोळ्यांत असतं तेच. त्या गोळ्या चालू असणाऱ्यानं ते मनानं घेणं धोक्याचं आहे. अश्वगंधेनं थायरॉइड हार्मोनचं प्रमाण बदलू शकतं; यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. 'ताकदीच्या' चूर्णांत चोरून सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळल्याचं अनेकदा पकडलं गेलं आहे. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं हा निराळा विषय, पण पोरांनी एवढं तरी ऐकावं: त्यानं दंड फुगतात आणि शुक्राणू बनणं थांबतं.

जाहिरातींवर कायदा आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या परिशिष्टात 'स्त्रियांमधील वंध्यत्व' आहे, लैंगिक दुर्बलता आहे. पुरुषाच्या वंध्यत्वाचं नाव मात्र त्यात नाही. तेव्हा कायदा लिहिणाऱ्यांनाही दोष बाईतच दिसला असावा. शुक्राणू वाढवणारी चूर्णं नेमकी या फटीतून पानावर येतात. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, आपण अशा जाहिराती आजपासून नाकारू शकता.

माझ्या आणखी दोन विनंत्या आहेत. पुढच्या पुरवणीत एक चौकट द्या: वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर, आणि बायको पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांनीच, नवरा-बायको दोघांची तपासणी एकदम सुरू करावी. काउंट कमी आला तर व्हेरिकोसील म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा आहेत का हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं, तंबाखू-सिगारेट बंद करावी. त्यानंतर वैद्यांच्या सल्ल्यानं मुळी घ्यायची असेल तर तारीख लिहून सुरू करावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं, कारण एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. फरक नसेल तर डबा बंद.

दुसरी विनंती आपल्या लेखणीनंच होण्यासारखी आहे. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. एकाच शेतातली, एकाच काढणीची मुसळी घेऊन, खोट्या पुडीशी तुलना करून, काही शे जोडप्यांवर नीट अभ्यास व्हावा, आणि मोजावीत ती जन्मलेली बाळं. हा विषय आपण लावून धरा. मुसळी माझा भाऊ त्याच्या वाफ्यातून विनामूल्य देईल, त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

कळावे.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ, जि. अमरावती

(गाव लहान आहे, पेशंट ओळखू येतील. कृपया माझं नाव छापू नये.)