मेस्त्री, तो पडाव माझा नाही

मेस्त्री,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही पाठ फिरवून रंधा मारायला लागता. तीनदा हा अनुभव घेतला. म्हणून आता चारचौघांत लिहितो आहे. नातू वाचून दाखवील तेव्हा हातातला रंधा तेवढा खाली ठेवा.

उघडपणे लिहायला आणखी एक कारण आहे. यंदा गणपतीत आमच्याकडे माटवीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीच्या, बाजूच्या फळीवर तो पडाव ठेवला होता, उतारू नेणाऱ्या जुन्या होडीची छोटी लाकडी प्रतिकृती. भजनाला आलेली माणसं गणपतीला हात जोडत आणि लगेच पडावाकडे वळत. "पेंटरांनी काय हुबेहूब केलाय!" सगळे म्हणाले आणि मी ऐकून घेतलं. तालुक्याच्या एका बातमीदाराने फोटो छापला, खाली माझं नाव घातलं. तुम्ही तेव्हा मागे सतरंजीवर झांजा वाजवत बसला होतात. मी तुमच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. ते आज दाखवतो.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. मी मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवायचो. फोटोवर एक इंचाचे चौकोन आखायचे, कापडावर एक फुटाचे, आणि एकेक चौकोन भरत जायचं. जवळून बघितलं तर नुसते फटकारे, रस्त्यापलीकडून बघितलं तर नटीचा चेहरा. पुढे यंत्रावर छापलेलं फ्लेक्स आलं आणि बघता बघता शिड्या, डबे, ब्रश सगळं अडगळीत गेलं. काही वर्षं दुकानांच्या पाट्यांवर काढली. साठी उलटल्यावर आम्ही दोघं विजयदुर्गाजवळच्या घरी येऊन राहिलो आणि मी जलरंगाच्या नादाला लागलो. वाघोटणची खाडी, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पट्टी, किल्ल्याचा बुरूज. बॅनरवाल्याचा हात जड असतो, जलरंगाला हलका लागतो. पाच-सहा वर्षं घासल्यावर कुठे तो हलका होत आला होता.

2021 च्या डिसेंबरात एका सकाळी चहा गाळता गाळता हिच्या उजव्या हातातली गाळणी सुटली. पुढचं लांबवत नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही मेंदूचा स्कॅन होईल अशा ठिकाणी पोचलो तेव्हा सहावा तास लागला होता. उजवं अंग गेलं आणि ते चालवणाऱ्या मेंदूच्या डाव्या बाजूलाच भाषेचं घर असल्यामुळे बोलणंही गेलं. समजतं बरंचसं, पण बोलायला शब्द दोनच उरले, "नको" आणि "बरं". चहा हवा का? बरं. पाय दुखतोय का? बरं. आयुष्यभर मला एका वाक्यात गप्प करणारी बाई ही.

जलरंग तेव्हाच सुटले. पुष्कळांना वाटलं दुःखाने सुटले. कारण साधं होतं. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एका दमात उतरवावा लागतो, कागद ओला आहे तोवर. मध्ये उठलात की रंगाची कड धरते आणि ती मग कशानेही जात नाही. आणि मला उठावं लागायचंच. शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, शिवाय औषध, पाणी, चमच्याने पेज, कपडे. दिवसाचे असे तुकडे पडले की एकाही तुकड्यात अख्खं आकाश मावेना. कडा धरलेली चौदा चित्रं माळ्यावर टाकली. पावसाळ्यात त्यांना बुरशी आली, तीही मी पुसली नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते पलंग उंच करायला. वाकून वाकून माझी कंबर गेली होती. चार पायांखाली ऐनाचे ठोकळे बसवलेत, न्हाणीत धरायला आडवा दांडा ठोकलात, उंबरठ्यावर खुर्ची ढकलता येईल असा उतार केलात. त्याचे पैसे घेतलेत, चोख. बरं वाटलं, तेव्हा पैसे घेणारी माणसं कमी झाली होती आणि केळ्यांचा घड ठेवून "देवाची मर्जी" म्हणून जाणारी वाढली होती. मग ओटीवर चहा पिताना तुम्ही हिला विचारलंत, "वयनी, तुमी आगबोटीतसून उतारलेला हास काय कदी?"

तुम्ही हिला विचारलंत, मला नाही. घरी येणारा प्रत्येक माणूस हिच्या पलंगाशी उभा राहून "कशी आहे आता?" हे मला विचारतो, जसं काही ही खोलीत नाहीच. तुम्ही तिच्याकडे बघून विचारलंत आणि उत्तराची वाट बघत बसलात. चहा गार झाला. मग ही "बरं" म्हणाली आणि डावा हात खाली-वर हलवला, लाटेसारखा.

मला ठाऊक होतं ती कशाबद्दल सांगते आहे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने ती गावी यायची. इथल्या बऱ्याच बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी पोरांना बखोटीला धरून आत ओढायचे. ती गोष्ट हिने मला लग्नानंतर शंभरदा तरी सांगितली असेल. तुम्ही म्हणालात, तुमच्या बापाशीने तसले पडाव बांधले. नकाशा कधी कागदावर काढला नव्हता, सगळा डोक्यात. आता तुमच्याकडे लाकडी होडीचं काम क्वचित येतं, फायबरच्या होड्या साच्यातून निघतात. "तुमी काडा, मी सांगतंय," म्हणालात. त्या दिवशी मी सहा महिन्यांनी पेन्सिल हातात घेतली.

माप तुम्ही ठरवलंत. मोठा पडाव तीस हात, म्हणजे पंचेचाळीस फूट. तुमच्या सुताराच्या हिशेबात इंचाला आठ सूत, म्हणून दोन सुताला एक फूट धरायचा. मी नंतर गुणून पाहिलं तर ते नेमकं एकास अठ्ठेचाळीस निघालं, जगभरचे मॉडेलवाले वापरतात तेच प्रमाण. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "मगे त्येंकाय सूत कळता तर." सव्वाअकरा इंचांचा पडाव. जन्मभर इंचाचा फूट करणारा मी, सत्तरीत फुटाचे सूत करायला बसलो.

आतून मी नाक मुरडलं होतं हेही कबूल करतो. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी मी कौतुकाने विकत घेईन, पण चित्रकाराने खेळणी करत बसावं? पहिला सांगाडा त्याच तोऱ्यात केला. वाक, म्हणजे होडीच्या बरगड्या, प्लायवुडमधून कापले, पट्ट्या सागाच्या केल्या. पाऊण दिवसात तीन पट्ट्या तडकल्या. तुम्ही आलात, सांगाडा हातात फिरवलात आणि म्हणालात, "ही पाण्यात घातल्यार कलांडतली." मी म्हटलं, पाण्यात कशाला घालायची? काचेच्या पेटीत ठेवायची. "तरंगना नाय ती होडी कसली?"

त्यावर आपलं भांडण झालं ते आठवतं? मॉडेलात डोळ्याला पटलं की पुरे, असं मी अजूनही मानतो. तुम्ही मानत नाही. शेवटी तुमच्याच हट्टाने दुसरा सांगाडा घातला. पाठाण, म्हणजे होडीचा तळचा कणा, ऐनाची. वाकांसाठी पेरूच्या फांद्या आणल्यात, मुळातच हव्या तशा वळलेल्या, आणि मला निवडायला बसवलंत. "वाकडां लाकूड वाकड्या जाग्यार लावचां. सरळ लाकूड वाकवन लावशात तर एक दिस तां आपल्या जाग्यार परत जातलां." फळ्या शिवणीच्या लाकडाच्या. गरम पाण्यात भिजवून मेणबत्तीच्या धगीवर घाई न करता वळवायच्या. तुमचा तळहाताएवढा रंधा माझ्याकडे ठेवून गेलात.

आणि मग मला ते उमगलं ज्यासाठी हे पत्र आहे. हे काम मध्येच टाकून उठता येतं! वाक चिकटवला की गोंद सुकेपर्यंत त्याला कोणी हात लावायचाच नसतो. ते थांबणं कामातलंच असतं. हिची कूस बदलायची, परत यायचं, तोवर वाक घट्ट. श्रावणात फेव्हिकॉल सुकता सुकत नाही. पण मला तरी कुठे घाई होती. झटपट चिकटणारा डिंक याच्या उलट, हवेतला ओलावा लागला की धरतो, आपल्याकडे तर क्षणात, आणि वर पांढुरकी साय सोडतो. तो मी चार दिवसांत बंद केला. एका कुशीला एक वाक, असा हिशेब बसला. सव्वीस वाक लागले. मोबाइलचा गजर पूर्वी छातीत धडकी भरवायचा, आता तो दोघांचाही झाला, हिचा आणि पडावाचा.

रंगाच्या बाबतीत मात्र थोडं माझंही ऐका. तुम्ही म्हणालात, खालून चुना आणि वरून तेल पाजलेलं काळपट लाकूड, तसाच रंग द्या. मी तसाच्या तसा दिला असता तर पडाव कोळशाचा वाटला असता. सव्वाअकरा इंचांची वस्तू दोन फुटांवरून बघताना डोळा खरं तर पंचेचाळीस फुटांची होडी शंभर फुटांवरून बघत असतो. मधल्या हवेने काळा रंग राखाडी होतो, लाल विटकट होतो. खाडीपलीकडचा डोंगर निळसर दिसतो, त्यातलाच प्रकार. म्हणून प्रत्येक रंगात थोडा पांढरा आणि चिमूटभर राखाडी. वर फळ्यांच्या फटींत तपकिरी रंगाचं पाणी सोडलं. टर्पेंटाइनचा वास हिला सोसत नाही, म्हणून सगळं अॅक्रिलिकमध्ये. शीड हिच्या जुन्या मलमलीच्या पातळाचं, खैराच्या कातात बुडवलेलं. कुठलं पातळ ते हिनेच ठरवलं. पाच पातळं समोर धरली, चारांना "नको".

आता ती गोष्ट. मी माचिसच्या काड्या कोरून आठ उतारू केले होते, सव्वा सव्वा इंचाचे, आणि पडावात उभे चिकटवण्याआधी मांडून ठेवले होते. पाट हिच्या मांडीवर होता. हिने डाव्या हाताने एकेकाला ढकललं. आठही पाडले. मी पुन्हा उभे केले, हिने पुन्हा पाडले. तिसऱ्या वेळी मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. रात्रभर जागून लावलेल्या गजरांचा सगळा राग त्यात होता. ही भिंतीकडे तोंड करून पडली.

संध्याकाळी तुम्ही आलात. मी तक्रार केली, तीही हिच्यासमोर. तुम्ही पडलेल्या काड्यांकडे बघितलंत आणि हसलात. "वयनी बरोबर करतत. पडावात उभ्यान कोण नाय. उभो रवलो तर खलाशी शिव्या घाली." मग पलंगाशी बसून हिला विचारलंत, "बसवचे ना, वयनी?" आणि ही बोलली. "बरं" नव्हे, "नको" नव्हे. "बस," म्हणाली. "बस, बस, बस." खलाशी ओरडायचे तसं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, जुने, घोकलेले किंवा जिवाशी जोडलेले शब्द असे अवचित येतात, त्यावर फार इमले बांधू नका. नाही बांधत. तिसरा शब्द आला तो अजून आहे, एवढंच. आठही उतारू गुडघ्यात वाकवून नव्याने कोरले. हिची माफी मी त्याच रात्री मागितली. "बरं" म्हणाली.

पाण्याच्या परीक्षेत तुम्ही जिंकलात, तेही सांगून टाकतो. भरलेला पडाव वीस टनांचा धरला, तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही अठ्ठेचाळीस पटींनी कमी होतात, म्हणजे वजन एक लाख दहा हजार पटींनी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 181 ग्रॅम भरायला हवेत. आमचा भरला 122. उरलेल्या वजनाचं शिसं तुम्ही फाटक्या जाळ्याच्या गोळ्यांतून काढलंत आणि पाठाणीला लागून बसवलंत. न्हाणीतल्या घमेल्यात सोडला तेव्हा तो थोडा डावीकडे झुकला, मग सावरला आणि पाणी बरोबर तुम्ही पेन्सिलीने ओढलेल्या रेषेवर आलं. खुर्ची तुमच्याच उतारावरून ढकलत हिला आणलं होतं. हिने बोटाने पाण्यात लाट केली.

तर लाकूड तुमचं, माप तुमच्या बापाशीचं, उतारू हिने बसवलेले. माझा फक्त रंग आणि गोंद. फळीवर आता पुठ्ठ्याची पाटी लावली आहे, त्यात तुमचं नाव पहिलं आहे. पाटी रंगवायला विसरलो नाही अजून, अक्षर बघून घ्या.

पुढचं काम आगबोटीचं म्हणतो, हिच्या लहानपणीची रोहिणी. त्याच मापात दोनशे फुटांची धरली तरी पन्नास इंच होते, म्हणजे माझं टेबल गेलं. हिला विचारलं तर "बरं" म्हणाली. पण तिच्या त्या "बरं"चा अर्थ मला अजून नीट लागत नाही, तुम्हाला लागतो. गुरुवारी चार वाजता कूस बदलते, त्यानंतर या. ऐनाचा एक लांब तुकडा आणा. छोटा रंधा माझ्याकडेच आहे, तो परत मागू नका.

तुमचा,
पेंटर