दीक्षेआधी लेकीला

चि. बाळा,

सलाम आणि आशीर्वाद.

पाळक म्हणून तुझ्या दीक्षेची तारीख ठरल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि तुझ्या आईनं फोन हातातून सोडलाच नाही. म्हणून हे पत्र. शास्त्र, संदेश, उपासनेचा क्रम हे सगळं तू सेमिनरीत नीट शिकली आहेस. त्यात मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते घराविषयी.

आपल्याकडं मंडळीत पाळक नेमला की त्याच्याबरोबर आणखी एक माणूस बिनपगारी नेमलं जातं, पाळकीणबाई, म्हणजे पाळकाची बायको. महिला मंडळाची सभा तिची, संडे स्कूल तिचं, नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांची मुंडाशी तिनंच बांधायची, आणि दारात आलेल्याला चहाही तिनंच द्यायचा. तुझ्या आईनं हे आयुष्यभर केलं. घरी मार खाऊन आलेली बाई कधी माझ्यासमोर बसली नाही. ती मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात जायची. ओट्यापाशी उभं राहून आईनं जेवढी दुःखं ऐकून घेतली, तेवढी माझ्यापर्यंत आलीच नाहीत. मंडळीत त्याला 'पाळकांना हातभार' म्हणतात. मी त्याला सेवाच म्हणतो, आणि ती माझ्या सेवेपेक्षा तसूभरही कमी नव्हती.

आता पाळक तू होणार. जावईबापू सकाळी शाळेत शिकवायला जाणार. पण मंडळीला सवय आहे. ती पाळकीणबाई शोधणार, आणि तीही तुझ्यातच शोधणार. रविवारी वेदीपाशी तू हवीस, आणि उपासनेनंतर चहाच्या किटलीपाशीही तूच हवीस. बाळा, या दोन्ही जागा एकटीनं भरू नकोस. पहिल्याच कमिटीत हे प्रेमानं पण स्पष्ट सांग. सहा महिन्यांनी सांगायला गेलीस तर ती तक्रार वाटेल.

बायबलातल्या निर्गमाचा अठरावा अध्याय पुन्हा काढून वाच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसतो आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो, तू असा झिजून जाशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. यावर संदेश पुष्कळ होतात, पण बहुतेक जण तेराव्या वचनापासून सुरुवात करतात. त्याआधी काय आहे? इथ्रो एकटा आलेला नाही. माहेरी पाठवलेली सिप्पोरा आणि दोन्ही मुलं, गेर्षोम आणि अलियेजर, यांना घेऊन तो रानात मोशेच्या छावणीवर आला आहे. आधी बायकामुलं मोशेपाशी येतात, आणि मग कामाच्या वाटणीची गोष्ट निघते. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या तंबूत घरच्यांना जागा उरली नाही, त्याच्याच कामाची वाटणी करायची वेळ आली होती.

प्रिस्किल्ला आणि अक्विल्लाही ध्यानात ठेव. नवराबायको दोघंही तंबू शिवणारे, मंडळी त्यांच्याच घरात जमायची, आणि नव्या करारात बहुतेक ठिकाणी तिचं नाव त्याच्याआधी येतं. जावईबापूंना कुणी टोमणा मारला तर त्यांना हे दाखव. भला माणूस आहे, पण 'बाईसाहेबांचे मिस्टर' हे ऐकून घेणं सोपं नसतं. त्यांना संडे स्कूल घ्यायचं असेल तर आनंदानं घेऊ दे. नसेल घ्यायचं, तर नुसतं बाकावर बसून उपासना करायचा त्यांना हक्क आहे, जसा कुणालाही असतो.

मंडळीतल्या जुन्या गोष्टी तुला कळतीलच. वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात स्थापन झालं, तरी आपल्या नगरकडं म्हातारी माणसं अजून 'आम्ही अमेरिकन मिशनचे', 'ते एस.पी.जी.चे', म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचे, असं म्हणतात. त्यांना सुधारायला जाऊ नकोस. ऐकून घे, त्यात त्यांच्या आजोबांचा बाप्तिस्मा आहे. मिशनच्या जमिनींच्या वादात मात्र कुणाच्याही बाजूनं सही करू नकोस.

आता आपल्या छोट्याबद्दल. त्याला लोक 'पाळकांचा मुलगा' म्हणून मोजणार. वचन पाठ आहे का, उपासनेत झोपला का, सगळं बघणार. त्याचा विश्वास तू त्याच्याकडून घाईनं मागू नकोस. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली वर्षं त्या माउलीनं किती सोसलं! पण नवऱ्याच्या मागं ओढली जाऊन ती ख्रिस्ताकडं आली नाही, स्वतःच्या पावलांनी आली. आणि टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तावरचं महाकाव्य पुरं केलं ते तिनंच. सगळ्या टिळक घराण्यात मला तिचा विश्वास सर्वांत भक्कम वाटतो.

तुझ्या स्वतःच्या विश्वासाबद्दल एवढंच सांगतो. तरण्याताठ्या पोराची माती करून कबरस्थानातून परत येशील, आणि त्या रात्री प्रार्थनेला शब्द सुचणार नाहीत. तेव्हा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मी अशा घरांत समजूत घालायला जात नाही. हेच स्तोत्र वाचतो आणि बसून राहतो. मग कुणीतरी म्हातारी टिळकांचा अभंग सुरू करते, बाकीच्या बाया उचलून धरतात, आणि त्या रात्रीपुरती माझी प्रार्थनाही त्याच करतात. पाळकालाही मंडळी लागते, बाळा. ती तुला सांभाळू पाहील तेव्हा तिला अडवू नकोस.

आम्ही आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं पोचतो. तुझा पांढरा झगा आईनं शिवून ठेवलाय, बाह्या मात्र तुला घालून बघितल्यावरच दुमडणार म्हणते. जेवणाचं मंडळीवर सोपव आणि तू त्या संध्याकाळी स्वयंपाकाला लागू नकोस. जावईबापूंना नमस्कार, छोट्याला पापा.

तुझा,
पप्पा