नऊ साड्यांचा मांडव : खालच्या अक्कांना पत्र

आदरणीय अक्का,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. तुम्ही मराठी फाडफाड बोलता, पण वाचायचं म्हटलं की तुम्हाला तेलुगूच बरं वाटतं, हे मला ठाऊक आहे. तरी मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्या लग्नाला येऊन गेलेली माणसं अजून आईला विचारतात, "मांडव कुणाला दिला होता?" आई सांगते, "खालच्या अक्कांनी केला." एवढ्यावर लोकांचं समाधान होत नाही आणि खरं सांगायचं तर माझंही होत नाही. तुम्ही काय काय केलंत ते एकदा नीट सांगायला हवं.

मला माझं लग्न आजीच्या लग्नासारखं हवं होतं. तिच्या लग्नाचा घरात एकच फोटो आहे, १९६४ सालचा. वाड्याच्या चौकात पाट मांडलेत, आजीच्या अंगावर इरकल, कपाळाला फुलांच्या मुंडावळ्या आणि मागे खांबाला बांधलेले केळीचे खुंट. बस, एवढंच. तो फोटो घेऊन मी एका डेकोरेटरकडे गेले. त्यानं 'विंटेज थीम' म्हणून ८५,००० रुपये सांगितले. त्यात भाड्याची लोखंडी ट्रंक, सायकल, कंदील, ग्रामोफोन आणि कापडी फुलं. आमचा सोनं सोडून सगळ्या लग्नाचा आकडा दीड लाखाचा होता. बाबा गेल्यापासून आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून साठवलेले पैसे आणि माझ्या पगारातले चार वर्षांचे. मी जिन्यात बसून रडत होते. तुम्ही दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होतात. हात न थांबवता विचारलंत, काय झालं. मी सांगितलं.

"जुनं भाड्यानं आणायचं? कशाला की गं. माझ्या माळ्यावर सगळं जुनंच हाय."

त्या संध्याकाळी तुम्ही माळ्यावरून काय काढलंत ते मी जन्मात विसरणार नाही. मामांनी, म्हणजे तुमच्या यजमानांनी, ३० वर्षं जेकार्डच्या मागावर चादरी विणल्या. कारखान्यात कॉम्प्युटरवरचे माग आले तेव्हा भोकं पाडलेली जुनी पुठ्ठ्याची कार्डं रद्दीत निघाली, त्यातली एक माळ मामांनी घरी आणून ठेवली होती. दोरीनं एकमेकांना शिवलेली शेकडो कार्डं. मामांनी मला समजावलं, की एक कार्ड म्हणजे चादरीतली आडव्या धाग्याची एक ओळ. जिथं भोक तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथं भोक नाही तिथं धागा खालीच राहतो. अशी कार्डं एकामागून एक फिरली की नक्षी उतरते. "ह्याच्यात मोर हाय," ते म्हणाले. मी कितीतरी वेळ ती भोकं बघत बसले. सोलापुरात जन्मले, सोलापुरी चादर पांघरून वाढले, पण मोर कुठून येतो ते मला त्या दिवशी कळलं.

ती माळ तुम्ही बोहल्यामागे, पूर्वेच्या अंगाला टांगायला लावलीत. मला वाटलं होतं, नुसता पुठ्ठ्याचा पडदा दिसेल. मुहूर्त सकाळी ९ वाजून ४० मिनिटांचा. अंतरपाट धरला तेव्हा ऊन त्या भोकांतून आलं आणि पांढऱ्या अंतरपाटावर, कुंकवाच्या स्वस्तिकाभोवती, उन्हाचे ठिपकेच ठिपके पडले. मंगलाष्टकं चालू होती आणि मी मान खाली घालून त्या ठिपक्यांकडे बघत होते. पलीकडून ह्यांनाही तेच दिसत होतं, असं नंतर म्हणाले.

मांडवाचं तर काय सांगू. बाळीवेशीतला मावशीचा वाडा आम्हाला फुकट मिळाला, पण चौक उघडा आणि महिना चैत्राचा. सोलापुरात चैत्र म्हणजे अकरानंतर अंगणात पाय ठेववत नाही. कनातवाला प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचं भाडं सांगून गेला. तुम्ही म्हणालात, ताडपत्रीखाली माणसं उकडून निघतील, सुती पाहिजे. मग हिशोब सांगितलात : एक नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट लांब, पन्ना पावणेचार फुटांचा. चौक पंचवीस बाय तीस. आठ साड्या शेजारी शेजारी बसतात, एक शिवणीच्या दुमडीत जाते, म्हणून नऊ. आजीच्या दोन, मावशीच्या सासूबाईंची एक, बाकीच्या सहा तुम्ही गल्लीतून गोळा केल्यात. कुणाची इरकल, कुणाचं साधं पातळ, कुणाची विटलेली हिरवी. वाकळ शिवतात तशी हातानं, दुहेरी टाका घालून जोडलीत. ज्या साडीची घडी विरलेली होती तिथं मामांनी विणकराची गाठ मारून धागे धरले. बांबू आणि दोरा मिळून खर्च आला २,६०० रुपये.

तुमच्या मोजण्याबद्दल मात्र मला मुद्दाम लिहायचंय. आई आणि मी वहीत नावं लिहून लिहून थकलो होतो. रोज यादी वाढायची, रोज भांडण व्हायचं. तुम्हाला आयुष्यभर पंचवीस बिड्यांच्या कट्ट्यानं आणि हजाराच्या मजुरीनं मोजायची सवय. तुम्ही म्हणालात, "नावं मोजू नको. कट्टे मोज." सात कट्टे माणसं, म्हणजे १७५. आठवा कट्टा बांधायचा नाही. कुणाला आत घ्यायचं असेल तर कुणाला तरी बाहेर काढायचं, आणि ते आईनं ठरवायचं, मी नाही. एवढ्या एका नियमानं आमच्या घरातलं भांडण थांबलं. पुढं सगळंच त्या मापात बसलं. चौक आणि सोपा मिळून एका वेळी दोन कट्टे जेवायला बसतील, म्हणजे साडेतीन पंगती. पळसाच्या पत्रावळी आठ कट्टे, वरचा एक फाटक्या-तुटक्यांसाठी. द्रोण त्याच्या दुप्पट. आचाऱ्याला शेंगाच्या पोळ्याही तुम्ही कट्ट्यातच सांगितल्यात आणि त्याला ते लगेच कळलं, कारण त्याची आईही बिड्या वळायची.

जेवणात आईनं मन लावलं : शेंगाची पोळी आणि तूप, मसालेभात, भरली वांगी, कैरीची वाटली डाळ, मठ्ठा. आल्या-गेल्याला वाळा घातलेल्या माठातलं पाणी आणि पन्हं. चैत्रात कैरी स्वस्त, मोगरा स्वस्त, कडुनिंब मोहरलेला. ज्या ऋतूत लग्न त्या ऋतूचंच घ्यायचं, हेही तुमचंच. शेवटची पंगत एकच्या सुमारास उठली, ऊन आणखी तापायच्या आत बाया-माणसं घरी पोचली.

पाण्याचंही तुमच्याच लक्षात आलं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही. वाड्याच्या भागात पाण्याचा दिवस कधी येतो ते तुम्ही महिनाभर आधीपासून भिंतीवर रेघा मारून धरलंत, आणि हळदीच्या आदल्या दिवशी मावशीच्या घरची घंगाळं, पिंपं, तपेली, सगळं भरून घेतलंत. मला तर भांडी फक्त शोभेसाठी मांडायची होती.

पत्रिका साठच छापल्या, जुन्या ट्रेडल छपाईयंत्रावर, पिवळ्या कागदावर. चार कोपऱ्यांना कुंकू तुम्ही लावलंत. बाकीच्यांना फोन केले.

आणि मोगरा. आदल्या संध्याकाळी मिटलेल्या कळ्या आणून तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात. पहाटे चारला उठून मुंडावळ्या गुंफायला बसलात. आम्ही सुईनं ओवतो, तुम्ही बोटांनी गाठ मारत जाता, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे. दोरा बिडी बांधायचाच होता आणि गाठही तीच. माझ्या कपाळावर त्या कळ्या मंगलाष्टकांच्या वेळेला उमलल्या. फोटोत दिसतं, पहिल्या फोटोत मिटलेल्या आहेत आणि पंगतीच्या फोटोत फुललेल्या.

आता ती रात्र. हळदीच्या रात्री वळवाचा पाऊस आला. वारा असा सुटला की मांडवाची मधली शिवण हातभर उसवली आणि सगळ्या साड्या चिंब होऊन खाली लोंबल्या. मी तुम्हाला बोलले, अक्का. सगळ्यांदेखत म्हणाले, की ताडपत्री घेतली असती तर बरं झालं असतं, चिंध्यांचं लग्न करून ठेवलंत माझं. तुम्ही काही बोलला नाहीत. सुईदोरा काढलात, खुर्चीवर उभ्या राहिलात आणि माझ्या भावाला बॅटरी धरायला लावलीत. रात्री दोन वाजता शेवटचा टाका घातलात आणि दोन तासांनी कळ्या घेऊन बसलात. सुती कापड, सकाळच्या वाऱ्यानं आठपर्यंत वाळलंसुद्धा. पावसानं धूळ गेली होती, नऊच्या नऊ साड्यांचे रंग वर उजळून आले होते आणि खाली थंडावा. मी त्या दिवशी गडबडीत तुमच्या पाया पडले, सगळ्यांच्याच पडत होते. पण त्या बोलण्याबद्दल माफी मागितली नाही. ती आज मागतेय, ज्या लोकांसमोर बोलले त्यांच्यासमोर.

आणखी एक गोष्ट मला नंतर तुमच्या सुनेकडून कळली. त्या दीड महिन्यात तुमच्या बिड्या रोजच्यापेक्षा निम्म्याच झाल्या. दर हजारावर मजुरी, म्हणजे निम्मे पैसे तुम्ही माझ्या मांडवात शिवून टाकलेत. आईनं तुमच्यासाठी घेतलेली साडी तुम्ही परत पाठवलीत, म्हणालात, "घरच्या लग्नात कुणी मजुरी घेतं का." टॉवेल-टोपीच्या आहेरातला एक टॉवेल तेवढा मामांसाठी ठेवून घेतलात. एकंदर खर्च १,४२,३०० रुपये झाला. उरलेले ७,७०० आईनं वेगळे काढून ठेवलेत. तुम्ही घेणार नाही हे आम्हाला माहीत आहे. नातीच्या पुढच्या वर्षीच्या वह्या-पुस्तकांना ते वापरायचे असं आईनं आणि तुमच्या सुनेनं परस्पर ठरवलंय. रागावू नका.

मांडव अजून उसवलेला नाही. धुऊन, घडी करून मावशीच्या कपाटात आहे. ज्यांच्या साड्या त्यांना परत द्यायला मी गेले होते, तर एका काकूंनी घेतलीच नाही. म्हणाल्या, दिवाळीनंतर आमच्या थोरलीचं ठरतंय, तशीच राहू दे. बाकीच्या जणींनाही विचारलं. सगळ्या हो म्हणाल्या. शिवण कुठं सैल झाली असेल ते मात्र तुम्हीच बघायचं.

आणि तुमची कात्री माझ्याकडे राहिली होती. बिडीची पानं कापायची ती कात्री तुम्ही माझ्या साड्यांवर, बांबूच्या दोऱ्यांवर चालवलीत आणि ती बोथट झाली. ओलं पान नीट कापलं जात नाही म्हणून तुम्ही शेजारणीची मागून नेता, हे नातीनं सांगितलं. कालच धार लावून आणलीय. तेंदूच्या, म्हणजे बिडीच्या पानाचा एक तुकडा कापून बघितला, छान चालते. रविवारी माहेरी येतेय, तेव्हा घेऊन येते.

तुमचीच,
वरच्या मजल्यावरची पोरगी