टेबल, दोन खुर्च्या आणि चिनी नाटक

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आशियाई रंगभूमीवरचा लेख वाचला. आधुनिक चिनी नाटक हे पाश्चात्त्यांचं कलम आहे आणि पेकिंग ऑपेरा, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरत यांचं पारंपरिक चिनी नाटक, आता पर्यटकांपुरता उरला आहे, असा त्याचा सूर होता. तीस वर्षं हौशी नाटकांचं नेपथ्य करतो आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

कलम बाहेरचं, हे कबूल. टोकियोत शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांनी १९०७ मध्ये 'अंकल टॉम्स केबिन'चं रूपांतर रंगमंचावर आणलं आणि 'ह्वाच्यू', म्हणजे संवादांवर चालणारं नाटक, रुजायला लागलं. १९१८ मध्ये हू श्र या सुधारकाने तर रंगवलेले चेहरे, झांजा-ढोल, घोड्याऐवजी हातात धरलेला चाबूक हे सारं जुन्या काळाचं उरलेलं शेपूट ठरवलं. आपल्या लेखकांचं मत त्याच वळणाचं आहे. पण त्यानंतरच्या चाळीस वर्षांत काय घडलं, ते लेखात कुठेच नाही.

'सानछाखौ' हा ऑपेराप्रवेश जरूर पाहा. रंगमंचावर एक टेबल आणि लख्ख उजेड. प्रसंग मात्र मिट्ट काळोखातला. सराईतल्या खोलीत दोघे एकमेकांना चाचपत लढतात. तलवारीचं पातं नाकासमोरून जातं, तरी समोरच्याच्या डोळ्याची पापणी हलत नाही, कारण त्याला ते 'दिसलेलं'च नाही. दिवे मंद न करता नटाच्या अंगाने काळोख उभा राहतो. मी पहिल्यांदा रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा आमच्या संचातले अर्धे स्पॉट मला फुकट वाटले.

हे बळ ओळखलं दिग्दर्शक च्याओ ज्युयिन यांनी. त्यांनी रशियन नाटककार चेखॉव्हची भाषांतरं केली, पॅरिसला डॉक्टरेट केली आणि त्याआधी बीजिंगमध्ये ऑपेराचं शिक्षण देणारी शाळा चालवली. १९५७ मध्ये क्वो मोरुओ यांच्या 'हू फू' नाटकात त्यांनी ऑपेराचा ताल आणि हातवारे उघडउघड आणले. पुढच्याच वर्षी लाओ शे यांचं 'चहाघर' बसवताना मात्र उसनवारी दिसेनाशी केली, आणि माझ्या मते खरी कमाल तिथे आहे. तीन अंकांत पन्नास वर्षं आणि सत्तरच्या आसपास पात्रं. एवढ्या गर्दीत एकेकाला ओळख करून द्यायला वेळ कुठला? ऑपेरातला नट आत येताच क्षणभर थबकून पवित्रा घेतो, त्याला 'ल्यांगश्यांग' म्हणतात. च्याओ यांनी साध्या कपड्यांतल्या माणसांच्या प्रवेशात तो मुरवला. अंकांच्या मध्ये एक भिकारी हातातल्या चिपळ्यांच्या ठेक्यावर पद्य म्हणत काळ पुढे नेतो. शेवटी तीन म्हातारे मयतावर उधळतात तसे कागदी पैसे जिवंतपणीच स्वतःसाठी उधळतात. तो प्रसंग वास्तववादी म्हणावा की ऑपेराचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे नाटककार गाओ शिंगच्यान आणि दिग्दर्शक लिन चाओह्वा यांनी १९८५ च्या 'येरन' या नाटकामध्ये गाणं, बोलणं, अभिनय आणि शरीराची कसरत पुन्हा एकत्र आणली. गाओंना २००० मध्ये नोबेल मिळालं ते अनेकांना आठवत असेल.

आणखी एक. पेकिंग ऑपेरात स्त्रीभूमिका करणारे नट मेइ लानफांग यांनी १९३५ मध्ये मॉस्कोत रंगभूषेशिवाय, साध्या सुटाबुटात स्त्रीभूमिकेचं प्रात्यक्षिक दाखवलं. ते जर्मन नाटककार ब्रेख्तने पाहिलं आणि त्यावर निबंध लिहिला. त्याच ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'वरून खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिलं, विजयाबाईंनी बसवलं. आणि ती वर्तुळातल्या मुलाची गोष्ट मुळात युआन काळातल्या चिनी नाटकातली! म्हणजे 'पाश्चात्त्यांकडून' म्हणताना थोडं थांबायला हवं.

च्याओ ज्युयिन यांच्यावर पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, ही विनंती. १९७५ मध्ये ते गेले. मराठीत त्यांच्याबद्दल माझ्या वाचनात काहीच आलेलं नाही.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली