नॅनोट्यूबच्या तारा : रोध जोडांसकट सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चिपमधल्या तांब्याच्या तारांची जागा कार्बन नॅनोट्यूब (कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळ्या) घेणार, असे विज्ञान पुरवण्यांतून अधूनमधून छापून येते. सोबत एक आकडा हमखास असतो : नळी चौरस सेंटिमीटरला १०० कोटी अँपिअर सोसते, तांबे त्याच्या शतांशाच्या आतच झिजू लागते. आकडा खोटा नाही. पण तार प्रवाह किती सोसते आणि अडवते किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

धातूसारखी वाहक असलेली एकपदरी (कार्बनच्या एकाच पापुद्र्याची) नळी कितीही सफाईने जोडली तरी तिचा रोध सुमारे ६.४५ किलोओहमच्या खाली जात नाही. लांबी कमी करूनही नाही, कारण हा रोध नळी आणि धातू यांच्या जोडांपाशीच असतो. चिपमधल्या तारांचे दोन थर जोडणारा, ३० नॅनोमीटर चौरस आणि ६० नॅनोमीटर उंच खांब घ्या. तो तांब्याचा असून तांब्याची रोधकता (प्रवाह अडवण्याचा मूळ गुण) इतक्या लहान आकारामुळे चौपट झाली असे धरले, तरी त्याचा रोध पाचेक ओहम भरतो. चौरस सेंटिमीटरला एक लाख कोटी नळ्या उगवल्या, तर या खांबाच्या वाट्याला येतात फक्त नऊ. नऊही वाहक निघाल्या तरी सातशे ओहम! प्रत्यक्षात एकपदरी नळ्यांपैकी सरासरी एक तृतीयांशच तशा असतात, बाकीच्या अर्धवाहक.

घनता वाढवायची तर लोखंड, कोबाल्टच्या बारीक कणांवर वाफेतून नळ्या वाढवताना ६०० अंश सेल्सिअसच्या पुढचे तापमान सोयीचे पडते. तारांचे थर मात्र ४०० अंशांच्या आत उरकावे लागतात. तापमान उतरवले की नळ्यांत दोष वाढतात. शिवाय उरलेले लोखंड सिलिकॉनमध्ये शिरले तर ट्रान्झिस्टरमधून बंद असतानाही प्रवाह गळू लागतो.

नळीचा खरा फायदा मायक्रॉनहून लांब तारेत आहे, पण उभ्या वाढणाऱ्या नळ्या आडव्या, दाट आणि सरळ बसवणे सर्वांत अवघड.

नॅनोट्यूब वापरलेला स्टॅनफर्डचा २०१३ चा संगणक आणि एमआयटीचा २०१९ चा प्रोसेसर यांचे दाखलेही इथे चुकीचे. त्यांत नळ्या ट्रान्झिस्टरमध्ये होत्या, तारा धातूच्याच.

चार टोकांनी (प्रवाह दोन टोकांतून सोडून दाब दुसऱ्या दोन टोकांवर) मोजले की जोडांचा रोध वगळला जातो आणि आकडा देखणा दिसतो. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या पदार्थांवर संशोधन करणारी संस्था आहे. अशी बातमी छापण्याआधी तिथल्या जाणकारांना दाखवावी आणि वाढीचे तापमान, नळ्यांची घनता व जोडांसकट रोध हे तीन आकडे तिच्यात असावेत, ही विनंती.

– दोन वाचक, औंध, पुणे