रिकाम्या जागी आधी तुझा शब्द ठेव

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं जीआरईचं, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या उच्च शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचं, वेळापत्रक नीट बघितलं. रोज ५० नवे शब्द, पहिले दोन महिने फक्त पाठांतर आणि व्हर्बलचे (इंग्रजीच्या भागाचे) प्रश्न शेवटच्या महिन्यात. मेहनत करायची तयारी दिसते, पण क्रम उलटा लागलाय. जीआरईच्या व्हर्बलमध्ये सगळे शब्द माहीत असूनही उत्तर चुकतं, आणि एखादा शब्द अनोळखी असूनही बरोबर येतं. कारण ही परीक्षा मुख्यतः वाक्य कुठे वळतं ते तुला दिसतं का, हे तपासते. म्हणून शब्द आणि प्रश्न पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालव.

आधी परीक्षेचा आकार पक्का कर, कारण जुन्या पुस्तकांत तो वेगळा सापडेल. सप्टेंबर २०२३पासून ही परीक्षा १ तास ५८ मिनिटांची आहे आणि मध्ये ठरलेली सुट्टी नाही. सुरुवातीला ३० मिनिटांचा एकच निबंध. मग व्हर्बलचे दोन आणि क्वांटचे (गणिताचे) दोन विभाग, कोणत्याही क्रमाने. व्हर्बलच्या पहिल्या विभागात १२ प्रश्न आणि १८ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २३ मिनिटं. म्हणजे प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. पहिला विभाग कसा गेला त्यावर दुसरा किती कठीण येणार ते ठरतं. विभागाच्या आत पुढेमागे जाता येतं, प्रश्नाला खूण करून परत येता येतं. विभाग संपला की परतीची वाट नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. व्हर्बलचे आणि क्वांटचे गुण प्रत्येकी १३० ते १७०, निबंधाचे ० ते ६, अर्ध्या-अर्ध्या गुणाने.

आता मुख्य गोष्ट. रिकाम्या जागेचा प्रश्न समोर आला की पर्याय हाताने झाक. वाक्य वाच आणि त्या जागी तुझा स्वतःचा शब्द ठेव, तोही मराठीत. मराठीत का, तर इंग्रजीत शोधायला गेलीस की नजर पर्यायांकडे धावते, आणि पर्याय भुलवण्यासाठीच रचलेले असतात. समज, वाक्याचा आशय असा आहे: ‘समीक्षकांनी त्या सिद्धान्ताचं जाहीर कौतुक केलं असलं, तरी खासगी पत्रांत त्यांचा सूर इतका ____ होता, की सिद्धान्त त्यांना खरोखर पटला होता का, अशी शंका येते.’ हा सेन्टेन्स इक्विव्हॅलन्सचा प्रकार धर, सहांतून दोन निवडायचे. पर्याय: टेपिड, इफ्यूसिव्ह, क्रिप्टिक, ल्यूकवॉर्म, ग्लोइंग, व्हर्बोस.

पर्याय न बघता तुझ्या मनात काय येईल? ‘थंडा’, ‘मिळमिळीत’. ‘असलं तरी’ने कौतुकाची दिशा उलटवली आणि ‘शंका येते’ने किती उलटवली तेही सांगितलं. आता हात काढ. टेपिड आणि ल्यूकवॉर्म, दोन्ही कोमट, जुळले. पण बाकीच्यांकडेही बघ, शिकण्यासारखं तिथेच आहे. इफ्यूसिव्ह आणि ग्लोइंग, दोन्ही भरभरून कौतुकाचे, ही एकमेकांना जुळणारी जोडी मुद्दाम ठेवलेली असते. ‘कौतुक’ एवढंच वाचून पुढे पळणारा तिच्यावर बोट ठेवतो. क्रिप्टिक म्हणजे गूढ, तो एकटा वाक्यात बसेलही, पण त्याला जोडीदार नाही. दोन्ही शब्द वाक्यात बसले पाहिजेत आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच झाला पाहिजे. एकच बरोबर निघाला तर अर्धा गुण मिळत नाही.

वळणाचे शब्द शब्दसंग्रहाच्या आधी पाठ कर. ऑल्दो, डिस्पाइट, यट हे सोपे आहेत, फसवतात ते दुसरेच. ‘फॉर ऑल इट्स चार्म’ म्हणजे ‘इतकी मोहकता असूनही’. ‘एनीथिंग बट सिंपल’ म्हणजे ‘सोपं तर मुळीच नाही’, आणि ‘नथिंग बट’ म्हणजे ‘फक्त तेवढंच’. ‘अ यूसफुल, इफ टीडियस, बुक’ यातला इफ ‘जर’ नव्हे. पुस्तक कंटाळवाणं असलं तरी उपयोगी आहे, असा त्याचा अर्थ. हार्डली आणि सेल्डम वाक्यात कुठेही ‘नॉट’ न येता नकार आणतात. आणि अर्धविराम किंवा अपूर्णविराम दिसला की थांब: त्याच्या पुढे बहुतेक वेळा आधीचीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगितलेली असते. रिकामी जागा एका बाजूला आणि तिचा अर्थ दुसऱ्या बाजूला, असं कितीतरी वाक्यांत सापडेल.

तीन जागांचा प्रश्न पहिल्या जागेपासूनच सोडवायचा असा नियम नाही. जिच्याबद्दल वाक्यात सर्वांत भक्कम पुरावा आहे ती आधी भर, पुष्कळदा ती दुसरी किंवा तिसरी निघते. मग ती धरून बाकीच्या. तिन्ही बरोबर आल्या तरच गुण. नुसत्या अंदाजाने एका जागेचा, पाच पर्यायांचा प्रश्न पाचांत एकदा बरोबर येईल, प्रत्येक जागेला तीन पर्याय असलेला तीन जागांचा सत्तावीसांत एकदा. विभागातल्या प्रत्येक प्रश्नाचं वजन सारखंच असतं, म्हणून वेळ कमी पडताना तीन जागांचा अवघड प्रश्न खूण करून मागे ठेव आणि परिच्छेदावरचा सोपा प्रश्न आधी घे.

शब्दांचा हिशेब बघ. नवा शब्द दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी परत बघितला तर टिकतो असं धरू. रोज ५० शब्द घेतलेस तर तिसऱ्या आठवड्यापासून रोजची उजळणीच २०० शब्दांची होते, आणि पुढे उजळणीच सुटते. रोज १२ घे. उजळणी ४८ची राहील, आठवड्यात सहा दिवस नवे शब्द, सातव्या दिवशी फक्त जुने; दहा आठवड्यांत ७२० शब्द होतात आणि ते तुझे झालेले असतात. शब्दाच्या कार्डाच्या मागे नुसता अर्थ लिहू नकोस. एक छोटं वाक्य लिही, आणि शब्द चांगल्या अर्थाचा की वाईट, त्याची अधिक-उणे खूण कर.

शब्द एकेकटे ठेवू नकोस, कुटुंबाने ठेव, पण भावंडांतला फरकही लिही. लॅकोनिक मोजक्या शब्दांत बोलतो. टॅसिटर्न स्वभावानेच घुमा. रेटिसंट बोलू शकतो, पण मनातलं ओठांवर येऊ देत नाही. समोरच्या बाजूला लोक्वेशस म्हणजे बोलका, गॅरुलस म्हणजे नको तितका आणि क्षुल्लक बोलणारा, व्हर्बोस म्हणजे पाल्हाळिक. पहिल्या तिघांना ‘अबोल’ म्हणून एकाच पोत्यात घातलंस तर परीक्षा नेमक्या त्या फरकावर पकडेल.

माझ्या मते अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचेच जास्त घात करतात. अरेस्ट म्हणजे थोपवणं. क्वालिफाय म्हणजे विधानाला मर्यादा घालणं. टेम्पर म्हणजे सौम्य करणं. फ्लॅग म्हणजे मंदावणं, गळून जाणं. सँक्शन म्हणजे मंजुरी आणि दंडात्मक बंदीही. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती, कंटाळलेला नव्हे. एनर्व्हेट ऐकायला उत्साहाचा वाटतो, पण अर्थ बळ काढून घेणं. अशांची वेगळी यादी पहिल्या आठवड्यातच सुरू कर.

व्हर्बलचे जवळपास निम्मे प्रश्न परिच्छेदांवर येतात. परिच्छेद वाचताना माहिती गोळा करत बसू नकोस. ‘हे वाक्य इथे कशासाठी आहे?’ एवढंच स्वतःला विचार. जुनं मत, त्यावर आक्षेप, आक्षेपाला पुरावा, लेखकाचं स्वतःचं मत. बहुतेक परिच्छेद यातल्या तीन-चार तुकड्यांचेच असतात. कोणाचं मत चाललंय यात गोंधळ झाला की पुढचे सगळे प्रश्न घसरतात. चुकीचे पर्याय ओळखीच्या वाटांनी येतात: परिच्छेदात ‘काही’ असताना पर्यायात ‘सर्व’, पहिला अर्धा अचूक आणि दुसऱ्या अर्ध्यात एक शब्द जास्तीचा, जगात खरं, पण परिच्छेदात न सांगितलेलं, आणि परिच्छेदात आहे, पण विचारलंय दुसरंच. इन्फर (निष्कर्ष काढ) असं विचारलं असेल तर जे न लिहिता खरं ठरतंच तेच उत्तर, शक्यता वाटते ते नव्हे. तीन पर्यायांतून ‘लागू असतील ते सगळे’ निवडायचा प्रश्न तीन वेगळे हो-नाहीचे प्रश्न समजून सोडव. तिन्ही बरोबर असू शकतात, एकच असू शकतो. तुलना करायला गेलीस की चुकशील.

रोज अर्धा तास विज्ञान, इतिहास, कलासमीक्षा अशा न आवडणाऱ्या विषयांवरचं गंभीर इंग्रजी वाच. आवडीच्या विषयात आपण वाक्य न वाचताच अर्थ लावून मोकळे होतो.

आता वही. चुकलेल्या आणि अंदाजाने बरोबर आलेल्या प्रत्येक प्रश्नाची दोन ओळींची नोंद कर आणि समोर चारांपैकी एकच शब्द लिही: शब्द, वळण, सापळा, घाई. उदाहरणार्थ, ‘वळण. “फॉर ऑल” म्हणजे “सगळ्यांसाठी” असं वाचलं, म्हणून उलट अर्थाचा शब्द निवडला.’ ‘सिली मिस्टेक’ हे कारण वहीत चालणार नाही, त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. ‘शब्द’ जास्त येत असेल तर कार्डं वाढव; ‘वळण’ जास्त येत असेल तर कार्डं वाढवून काही होणार नाही.

सरावासाठी ईटीएसचं, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं, स्वतःचं साहित्य आधी संपव. बाहेरच्या संचांत क्वांट बऱ्यापैकी असतं, पण व्हर्बलचे पर्याय अनेकदा ढिले असतात. तिथे दोन उत्तरं बरोबर वाटली तर दोष तुझाच असेल असं नाही. ईटीएसच्याच पॉवरप्रेप या सराव परीक्षांपैकी दोन मोफत मिळतात. एक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दे, दुसरी परीक्षेच्या दोन आठवडे आधी. दोन्ही एका बैठकीत, निबंधासकट. निबंध गाळून दिलेली सराव परीक्षा खोटी आशा दाखवते, कारण खऱ्या परीक्षेत व्हर्बल येईपर्यंत अर्धा तास लिहून झालेलं असतं.

निबंधाच्या विषयांचा संपूर्ण साठा ईटीएसच्या संकेतस्थळावर खुला आहे. सगळे लिहायचे नाहीत. २५ विषयांचे फक्त आराखडे कर, आणि सात-आठ घड्याळ लावून पूर्ण लिही. विषयाखालची सूचना विषयाइतकीच महत्त्वाची: कधी विधान कुठे लागू पडतं आणि कुठे नाही ते मागतात, कधी त्याचे परिणाम, कधी विरोधी मतही तपासायला सांगतात. ती न पाळता लिहिलेला चांगला निबंधही गुण गमावतो. ४ मिनिटं आराखडा, २२ लेखन, ४ तपासणी. भूमिका, दोन कारणं, आणि विधान जिथे टिकत नाही असं एक उदाहरण. ते शेवटचं बहुतेक जण सोडतात आणि निबंध एकसुरी होतो. तिथला संपादक साधा असतो, कापणं-चिकटवणं आणि मागे घेणं एवढंच, स्पेलिंग तपासणी नाही. सरावही तसाच साध्या खिडकीत कर. तपासताना आपल्याकडून हमखास होणाऱ्या चुका बघ: ‘द’ गाळणं, ‘डिस्कस अबाउट’, आणि दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने जोडणं.

क्वांटबद्दल एवढंच, की तिथेही इंग्रजीच पाय ओढते. ४०चे १५० टक्के म्हणजे ६०, पण ४०पेक्षा १५० टक्क्यांनी मोठं म्हणजे १००. नॉन-निगेटिव्हमध्ये शून्य येतं, पॉझिटिव्हमध्ये नाही. अशा शब्दांचं एक पान वहीच्या मागे कर.

तारीख ठरवताना मागून मोज. अधिकृत गुण ८ ते १० दिवसांत येतात, आणि पुन्हा द्यायची तर २१ दिवसांचं अंतर लागतं. सलग १२ महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा. तेव्हा अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान दोन महिने आधीची तारीख घे. गुण पाच वर्षं चालतात. नोंदणीतलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. चार विद्यापीठांना परीक्षेच्या दिवशी मोफत गुण पाठवता येतात, ती नावं आधी ठरवून जा. आणि विद्यापीठाच्या प्रत्येक विभागाला जीआरई लागतेच असं नाही, ते विभागाच्या पानावर तपास. घरून देणार असशील तर साधा कागद चालत नाही, पुसता येणारा छोटा पांढरा फळा किंवा पारदर्शक पाकिटातला कागद आणि पुसता येणारं पेन लागतं. त्यावर लिहायची सवय एका दिवसात होत नाही, आठवडाभर तरी कर.

शेवटच्या आठवड्यात नवा शब्द घेऊ नकोस. फक्त वही आणि ओळखीच्या फसव्या शब्दांची यादी.

सोमवारपासून सुरू कर. पहिल्या आठवड्याच्या वहीचे फोटो रविवारी पाठव. ‘वळण’ किती वेळा लिहिलंयस ते मला आधी बघायचंय, त्यावरून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक आपण मिळून ठरवू.

तुझी,
आई