लाकूडफोडीचं मशीन पाठवतेय

कुपवाड, सांगली
५ जानेवारी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

लाकूड फोडायचं मशीन तयार झालं. शनिवारी टेम्पोतून घरी पोचेल. उतरवायला शेजारची चार पोरं बोलवा, कारण नुसता बीमच, म्हणजे खालची लोखंडी तुळईच, पन्नास किलोची आहे. मी रविवारी सकाळी येतेय. तोवर त्याचा प्लग लावायचा नाही. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि आई "बरं बरं" म्हणून फोन ठेवते, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

बाबा, खांद्याचं काय झालंय ते डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. कुऱ्हाड बंद म्हणजे बंद. तरी बांधावरच्या पडलेल्या बाभळीचे ओंडके तुम्ही रोज थोडे थोडे फोडताय हे मला आईकडून कळतंच. हळद निघाली की ती शिजवायच्या कुकरखाली जळण लागणार, बंबाला बारा महिने लागतं, आणि फोडायला माणूस मिळत नाही. हे सगळं मला पटतं. म्हणूनच "फोडू नका" एवढं सांगून मी थांबले नाही, वर्कशॉप सुटल्यावर संध्याकाळी हे मशीन उभं केलं.

तुम्ही पहिल्यांदा मोटर बघाल आणि म्हणाल, एवढीशी? हो, ३ एचपीची सिंगल फेज आहे. शेतपंपाच्या लाइटची पाळी बघायला नको, घरच्या लाइनवर चालेल, फक्त तिच्यासाठी वेगळी वायर, वेगळा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग लागेल. ते काम वायरमनकडूनच करून घ्यायचं. मोटर पंप फिरवते, पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतो आणि सिलिंडरचा रॉड ओंडक्याला पाचरीवर दाबतो. ताकद मोटरीत दिसत नाही, ती सिलिंडरच्या रुंदीत आहे. आतला व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचं तोंड ७८.५ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १३० किलोपर्यंत चढतो. दोन्हींचा गुणाकार करा, दहा टनांच्या वर जातो. बंद भांड्यातल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्हीच मला दहावीला शिकवला होता. त्याच नियमावर इंग्लंडातल्या जोसेफ ब्रामानं १७९५ साली दाबयंत्राचं पेटंट घेतलं. शेणखताची ट्रॉली उलटणारा जॅकही त्याच घरातला.

पण ट्रॉलीचा जॅक मी मुद्दाम घेतला नाही. तो एकाच बाजूनं ढकलतो, परत खाली यायला त्याला ट्रॉलीचं वजन लागतं. इथं मागं ओढायला वजन नाही, म्हणून दोन्हीकडून तेल घेणारा सिलिंडर हवा होता. भंगार बाजारात जेसीबीचा मिळाला. रॉडवर ओरखडा नाही, क्रोम शाबूत आहे हे बघून घेतला आणि तेल गळू नये म्हणून सील किट नवं टाकलं.

बीमवर मात्र काटकसर केली नाही. २०० मिमीचा आय-बीम आहे. लाकूड पाचरीवर दाबलं जातं तेव्हा तेवढाच जोर पाचरीला आणि सिलिंडरच्या मागच्या टोकाला एकमेकांपासून लांब ढकलत असतो. सिलिंडर बीमच्या वर बसलेला, त्यामुळे बीम धनुष्यासारखा वाकायला बघतो. हलका गर्डर टाकला असता तर पहिल्याच गाठीला वाकला असता. पाचर २५ मिमीच्या प्लेटची, ७०१८ नंबरचे वेल्डिंग रॉड भट्टीत तापवून कोरडे करून वेल्ड केली आहे. तिची धार कुऱ्हाडीसारखी पाजळू नका. ती लाकूड कापत नाही, फट पाडून रुंद करत जाते. सिलिंडर दोन्ही टोकांना पिनवर आहे, म्हणजे बीम किंचित हलला तरी रॉडवर आडवा ताण येत नाही. त्या पिनांना महिन्यातून एकदा ग्रीस द्या.

मशीन सावकाश चालतं. पंप मिनिटाला आठ लिटर तेल देतो, सिलिंडरला पूर्ण ६० सेंटिमीटर पुढं जायला जवळजवळ पावणेपाच लिटर लागतं, म्हणजे ३५ सेकंद. परत यायला २६, कारण त्या बाजूला रॉडनं जागा अडवलेली असते. ओंडका दीड फुटाचा असेल तर पूर्ण मागं आणायचं काम नाही. दोन टप्प्यांचा पंपही मिळतो, मोकळा असताना धावतो आणि जोर लागला की आपोआप हळू होतो. तो मी घातला नाही. तुमच्या वयाला आणि या कामाला सेकंदाला पावणेदोन सेंटिमीटर हाच वेग योग्य आहे. हात काढायला वेळ मिळतो.

आता खरं सांगायचं ते. ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

आयुष्यभर तुम्ही दोघांनी प्रत्येक काम जोडीनं केलंत. पेरणी, हळद लावणं, गोठा. लाकूडसुद्धा. बाबा कुऱ्हाड उचलतात आणि आई ओंडका हलू नये म्हणून हातानं धरते. या मशीनवर तसं चालणार नाही. हे एकट्याचं काम आहे. ओंडका ठेवणारा तोच, दांडे ढकलणारा तोच.

मशीनला दोन दांडे आहेत, एकमेकांपासून दोन हात लांब. दोन्ही एकदम ढकलले तरच व्हॉल्व्ह उघडतो, एक सोडला तरी स्प्रिंग त्याला मधे आणते आणि सिलिंडर जागेवर थांबतो. म्हणजे चालवणाऱ्याचे दोन्ही हात दांड्यावर अडकलेले, पाचरीजवळ जाऊच शकत नाहीत. पण आई, तुझे हात मोकळे राहतात ना. बाबांनी दांडे ढकलले आणि तू वाकडा ओंडका सरळ करायला हात घातलास, तर त्या दांड्यांचा काही उपयोग नाही. कुऱ्हाड मारणाऱ्याला हाताखाली काय आलं ते कळतं. दहा टनांना बोट आणि ढलपी यांतला फरक कळत नाही. अशा मशीनवर बोटं जातात ती बहुतेक याच रीतीनं, एकजण धरतो आणि दुसरा चालवतो. मी बीमच्या भोवती चार हातांवर पिवळा पट्टा मारायला रंग पाठवतेय. मशीन चालू असताना पट्ट्याच्या आत एकच माणूस. नातवंडं आली तर मोटर बंद करून प्लग काढून ठेवायचा. आई, तुला मदत करायचीच असेल तर फोडलेलं लाकूड मशीन बंद झाल्यावर रचायचं. आणि तुला स्वतःला चालवायचं असेल तर तेही शिकवते, मग बाबा पट्ट्याच्या बाहेर. तेव्हा पदर खोचून, कातडी हातमोजे घालून. चष्मा दोघांसाठी पाठवलाय, बाभळीची ढलपी उडते.

गाठीचा ओंडका अडकेल. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा १३० वर जाईल आणि जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून तेल टाकीत परत जाताना आवाज येईल. ते बिघडलेलं नसतं, मशीन स्वतःला वाचवत असतं. लगेच दांडे सोडा, ओंडका मागं घ्या, फिरवा, गाठ पाचरीच्या एका बाजूला राहील असा ठेवा. मधोमध फुटत नसेल तर कडेनं ढलप्या काढत या. निलगिरी ओली असतानाच फोडून घ्या, तिच्या रेषा पिळलेल्या असतात आणि वाळली की फार त्रास देते. बाबा, रिलीफ व्हॉल्व्हचा नट मी सील केलाय. तो कुणीही पिळायचा नाही, तालुक्याहून आलेल्या मेकॅनिकनंसुद्धा नाही. बीम, पिना, वेल्ड सगळं त्या १३० च्या हिशोबानं केलंय.

आणखी एक. होजला, म्हणजे तेलाच्या रबरी नळीला, बारीक तेल सुटताना दिसलं तर बोटानं चाचपायचं नाही. त्या दाबाचं तेल सुईच्या छिद्रातून कातडीत घुसतं, वरून नुसता ठिपका दिसतो, आत मात्र हात सडू शकतो. मोटर बंद करा, दोन्ही दांडे एकदा हलवून दाब उतरवा, मला फोन करा. आणि कधी लागलंच तर दुखत नसलं तरी त्याच तासाला सांगली-मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जायचं आणि "दाबाचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. टाकीत ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल आहे, ४० लिटर. दुसरं कुठलं मिसळू नका. टाकी हात ठेववणार नाही इतकी तापली की तेवढ्यावर थांबायचं, चहा घ्यायचा.

बाबा, किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक तो घेत नव्हते, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंय. सांगताना तुम्ही नेहमी नांगराच्या बाजूनं असायचात. आता माझ्याही बाजूनं राहा. कुऱ्हाड मला द्या, मी रविवारी परत येताना घेऊन येणार आहे.

गोठ्यालगतची जागा सपाट करून ठेवा, चार बोल्टचे खड्डे मी आल्यावर आखते. सिमेंटची एक बॅग लागेल. आई, जेवायला माझ्याबरोबर वर्कशॉपमधला एक मुलगा आहे, त्याला तिखट चालतं.

तुमची लेक